मोजपट्टी

सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला
मी पुलाच्या तिसऱ्या खांबाशी उतरते,
पट्टीवर पाणी कुठं टेकलंय ते बघते,
वहीत लिहिते.
रोजंदारी. छत्री सरकारी,
बॅटरीचे सेल माझे.

माझा बाप, सर्जेराव मल्लाव, भोई,
त्याच खांबाखाली जाळं टाकतो
आणि वर न बघता विचारतो, किती?
मी सांगते. तो म्हणतो, बरं.
त्याला आकडा नको असतो,
मी आलेय एवढंच हवं असतं.

साडेसहाला शहरांत दिवे लागतात.
तेव्हा वर, धरणाच्या पायथ्याशी,
कुणीतरी एक चाक फिरवतं
आणि कोयना आमच्या घाटाच्या चार पायऱ्या चढते.
तळातलं पाणी, गार,
उन्हाशी ओळख नसलेलं.
रात्री अकराला शहरं झोपतात,
नदी उतरते.
खडकाच्या खाचेत राहिलेली पिल्लं
उजाडताना कावळे उचलतात.
आठला मी पोचते तेव्हा
पाणी काल होतं तिथंच.

मे महिन्यात पाटणला सुनावणी झाली.
वीजगृहाचा तीस वर्षांचा परवाना संपला होता,
पुढच्या तीसचा मागितला होता.
पंखे होते, बिस्किटं होती,
पडद्यावर एक सरळ निळी रेघ होती.
प्रवाह स्थिर. मत्स्यजीवनावर परिणाम नाही.
आधार: पुलावरील नोंदवही.
रेघेखाली एका पानाची झेरॉक्स.
इंग्रजी साताला मी पोटात आडवी दांडी देते.
त्या पानावर माझे सात होते,
ओळीनं.

बापाला दोन मिनिटं मिळाली.
तो बोललाच नाही आधी.
पिशवीतून तीन जाळी काढली
आणि टेबलावर, पाण्याच्या बाटल्यांमधून, पसरली.
आज्याचं: चार बोटं आरपार जायची,
त्यात खडशी यायची, हाताएवढी,
चढणीला निघालेली, अंड्यांनी जड.
त्याचं स्वतःचं: दोन बोटं. शिंगटा, वाम.
तिसरं नायलॉनचं, परवा कराडहून आणलेलं:
करंगळीसुद्धा अडते. चिलापी.
जाळ्याच्या घराला आम्ही आस म्हणतो.
"साहेब," तो म्हणाला, "आस बारीक होत गेली."
लिहून घेणाऱ्या पोरानं मान वर केली,
त्याला वाटलं, म्हातारा कविता करतोय.
इतिवृत्तात आलं: हरकतदाराने जाळी दाखविली.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला,
जाळी मांडीवर.
तो रागावेल म्हणून मी वाट बघत होते.
मल्हारपेठ आल्यावर म्हणाला,
"सात फार चांगला काढतेस तू."
बस्स.

त्या रात्री सातला मी खांबाशी गेले.
पट्टी अर्धी बुडालेली.
सेल संपत आले होते, आकडा दोनदा वाचला.
वहीत सातचा रकाना नाही,
म्हणून समासात लिहिला, पेन्सिलीनं, वेळेसकट.
मग नऊला. मग अकराला.
मग पाणी उतरायला लागलं तेव्हा दर पंधरा मिनिटांनी,
कारण पिल्लं तेव्हाच अडकतात.
आता समास भरलेत.
काही आकडे शिवणीत गेलेत,
ते बघायला वही ताणून उघडावी लागेल.
महिनाअखेर वह्या साताऱ्याला जातात.
कुणी ताणून उघडत असेल का, माहीत नाही.
निर्णय राखून ठेवलाय म्हणतात.

काल बापानं आज्याचं जाळं धुतलं,
उन्हात टाकलं,
एक तुटलेली आस गाठ मारून बांधली.
कशाला, मी विचारलं.
तो म्हणाला, "काल साडेसहाला किती होतं?"
मी सांगितलं.
ह्या वेळी तो बरं म्हणाला नाही,
बोटांच्या पेरांवर
कितीतरी वेळ काहीतरी मोजत राहिला.